होडीला पडलेली सहा मतं

लोक किल्ले करतात, लेणी करतात, हल्ली तर नुसती मिसळ खायला घाट उतरून जातात. मी मतदारसंघ करते. हसू आलं असेल तर हसून घ्या, आमच्या घरात गेली कित्येक वर्षं हेच चाललंय. चिंचवडला माझं औषधांचं दुकान आहे. वर्षातून एकदा-दोनदा ते दिराच्या गळ्यात मारायचं, विधानसभेचा एखादा मतदारसंघ निवडायचा आणि गाडी काढून त्यात तीन-चार दिवस हिंडून यायचं. जायचं ते निवडणूक होऊन गेल्यावर, हा माझा नियम. मांडव निघाल्यावरच लग्नघरात खरं काय घडलं ते कळतं. नवऱ्याचं म्हणणं, "लोकांच्या बायका बीचवर जातात, माझी बूथवर जाते." तो कधी बरोबर येत नाही, पण गाडीत पेट्रोल भरून देतो.

या खेपेला श्रीवर्धन ठरवलं. एक तर मे संपत आला होता आणि पाऊस लागायच्या आत कोकण उरकायचं होतं. दुसरं म्हणजे हा मतदारसंघ नकाशात बघायलाच मजेशीर आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला मुंबई-गोवा महामार्ग, आणि मध्ये डोंगर. पूर्वी माणगाव हा वेगळा मतदारसंघ होता. पुनर्रचनेत तो पुसला गेला आणि त्यातला बराच भाग श्रीवर्धनला जोडला. म्हणजे ज्यांनी आयुष्यात कधी होडीत पाय ठेवला नाही आणि ज्यांनी कधी नांगर धरला नाही, ती माणसं आता मिळून एक आमदार निवडतात.

पुण्याकडून जायला ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा हा सरळ रस्ता आहे आणि तुम्ही तोच धरा. मी मुद्दाम लांबून गेले. खोपोली, पेण, अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड आणि मग आगरदांडा. कारण असं की मुरूडची बाजू अलिबाग मतदारसंघात येते आणि खाडीपलीकडचं दिघी श्रीवर्धनमध्ये. हद्द पाण्यात आहे. मला मतदारसंघात पाण्यातून शिरायचं होतं. या हौसेपायी वडखळच्या पुढे ट्रकांच्या मागे सकाळ गेली आणि रेवदंड्यानंतरच्या खड्ड्यांनी कंबर ढिली केली, ती गोष्ट वेगळी.

आगरदांड्याला फेरीबोट साधारण तासाभराने सुटते. गाडीसकट तिकीट फार नाही, पण सुट्टीच्या दिवशी रांग लागते. जेवणाच्या आधी पोचलात तर बरं. धक्क्यावर वडापाव आणि लिंबूसरबत मिळतं, स्वच्छतागृहाची आशा ठेवू नका. बोटीवर माझ्या शेजारी दोन गृहस्थ मोटरसायकलींना टेकून उभे होते. एक दुसऱ्याला सांगत होता की आपल्या वाडीच्या मतांचा गठ्ठा या वेळी मुंबईतल्या गाववाल्यांच्या मंडळानं फिरवला, गावातल्यांना कुणी विचारलंच नाही. दुसरा म्हणाला, मंडळ देवळाला पत्रे देतं ना, मग मतंही मंडळाचीच. दोघांच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. मागे लांबवर जंजिरा दिसत होता आणि बाकी सगळे त्याचे फोटो काढत होते. मी मनातल्या मनात "गठ्ठा" हा शब्द टिपून ठेवला.

दिघीच्या पलीकडे एका कोळीवाड्यात मी खोली घेतली होती. गावाचं नाव लिहीत नाही, आणि माणसांची नावंही बदलली आहेत. का ते पुढे कळेल. खोली फोनवर ठरली होती, फोनवरची मुलगी हर्षदा, त्या घरची थोरली सून. गावात शिरल्यावर रस्ता चुकले, म्हणून सुकट वाळत घालणाऱ्या एका बाईला विचारलं, "काशिनाथ कोळ्यांचं घर कुठलं हो?" बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग सुकटीकडे पाहिलं आणि हात चालवत राहिली. बहिरी असेल असं वाटून पुढे दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, "पानी पायजे का? थंड हाय." मी घर विचारत होते आणि तो मला पाण्याच्या बाटल्या दाखवत होता. तिसऱ्या ठिकाणी दोघी पोरी पत्ते खेळत होत्या, त्यांनी तर पत्ते गोळा केले आणि आत गेल्या.

कोकणी माणूस तिरका असतो हे मी ऐकून होते, पण हा तिरकेपणा नव्हता. शेवटी हर्षदाच मोठ्या रस्त्यापर्यंत चालत आली. म्हणाली, "मीच यायला पायजे व्हतं अगोदर. तुमाला कोन सांगनार न्हाय."

घर समुद्राकडच्या टोकाला होतं. दोन खोल्या घरच्यांच्या, एक पाहुण्यांची, पुढे पडवी. चुलीवर सुनंदाताई, म्हणजे काशिनाथांची बायको, तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. दुपारी ओल्या बोंबलांचं कालवण, तळलेली मांदेली आणि सोलकढी असं जेवण झालं. राहणं-जेवण धरून दिवसाला जे घेतलं ते दिवेआगरच्या निम्म्यानंही नव्हतं. जेवताना मी म्हटलं, मासळी ताजी आहे, तुमच्याच होडीची ना? सुनंदाताईंनी सांगितलं की नाही, दुसऱ्या बंदरावरून पोरानं पिशवीतून आणली. आपली होडी असताना मासळी विकत आणायची, हे मला कळेना. तेव्हा काशिनाथ बोलले. साठीचा, रुंद खांद्यांचा माणूस, आवाज मात्र खालचा.

"आमी वाळीत हाव, ताई. इलेक्शनपासना."

मग त्यांनी सगळं सांगितलं, अधूनमधून हर्षदानं भर घातली. विधानसभेच्या आधी देवीच्या देवळात गावकी बसली होती. दर निवडणुकीला बसते. एका उमेदवारानं धक्का बांधून द्यायचा शब्द दिला होता. ओहोटीला होड्या चिखलात रुततात, मासळी डोक्यावरून गुडघाभर चिखलातून आणावी लागते, म्हणून धक्का हवा ही गावाची जुनी मागणी. पाटलांनी, म्हणजे कोळीवाड्याच्या प्रमुखांनी, नारळ फोडला आणि सगळ्या गावानं देवीसमोर शब्द दिला की एकही मत इकडंतिकडं जाणार नाही. त्या बैठकीत काशिनाथ एवढंच बोलले होते की धक्का मागच्या खेपेलाही कबूल केलेला, या वेळी निदान कागदावर लिहून घ्या. बाकी त्यांनीही नारळावर हात ठेवला.

कोण जिंकलं हे या गोष्टीत बिनमहत्त्वाचं आहे. महत्त्वाचं हे की गावाच्या बूथवर सहा मतं दुसऱ्याला पडली. तीही कुणा मोठ्या पक्षाला नाही. आतल्या डोंगरपट्ट्यातल्या एका अपक्षाला, ज्याचं तोंड इथं कुणी पाहिलेलं नाही. आणि काशिनाथांच्या घरात मतदार सहा. ते दोघं, दोन मुलगे, दोन सुना.

इथं थोडा इतिहास सांगते, कारण माझ्यासारखे चार वेडे हा ब्लॉग वाचतात. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा मोजणीआधी वेगवेगळ्या पेट्यांतल्या पत्रिका एकमेकांत मिसळायची पद्धत होती. कुठल्या गावानं काय केलं ते कळू नये म्हणून. मशीन आलं आणि हिशेब बूथवार झाला. मोजणीच्या टेबलाशी बसलेला काउंटिंग एजंट आता फोन करून सांगू शकतो, तुमच्या गावात इतकी फुटली. एका गावाचा एकच बूथ असला की गुप्त मतदान म्हणजे नुसता पडदा उरतो. वर्षानुवर्षं निकालाचे तक्ते चघळणाऱ्या मला हे माहीत होतं. एखाद्याच्या चुलीपर्यंत ते कसं पोचतं हे माहीत नव्हतं.

गावकीनं काशिनाथांना दंड लावला आणि देवीसमोर नाक घासून कबूल करायला सांगितलं. ते म्हणाले, केलंच नाही तर कबूल कसं करू? तेव्हापासून घराशी बोलणं बंद. बर्फ मिळत नाही, मासळी लिलावात घेत नाहीत, दुकान बंद, नळावर पाळी नाही. जो बोलेल त्याला दंड. धाकटा मुलगा बायकोला घेऊन उरणला गेला. मी अर्थातच कायदा काढला. सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्याकडे कायदा आहे, तक्रार करा, मी येते बरोबर. काशिनाथ हसले नाहीत की चिडले नाहीत.

"पोलिस येतील, ताई. जातील. होरी वर वडाया येनार हायत का पोलिस?"

होडीला इथं होरी म्हणतात, आणि खरं दुखणं ते होतं. एक जूनपासून मासेमारी बंद होते. त्याआधी प्रत्येक होडी पाण्यातून काढून किनाऱ्यावर उंच ओढून ठेवावी लागते, नाहीतर पावसाळ्यातला समुद्र तिचा भुगा करतो. हे एकट्यादुकट्याचं काम नाही. खाली ओंडके टाकायचे, दोर बांधायचे आणि वीस-पंचवीस माणसांनी एका आवाजात खेचायचं. गाव सगळ्यांच्या होड्या अशाच ओढतं. आज तुझी, उद्या माझी. मी गेले तेव्हा किनाऱ्यावर रांगेनं होड्या चढल्या होत्या, त्यांच्यावर झावळ्या आणि निळे कागद टाकलेले. खाडीच्या तोंडाशी पाण्यात एकच उरली होती. जवळच्या गावातला ट्रॅक्टरवाला आधी हो म्हणाला होता, संध्याकाळी त्याचा फोन आला की इंजिन बिघडलंय. दुसऱ्या कोळीवाड्यात होडी नेऊन लावावी, तर तिथलीही गावकी याच गावकीशी बांधलेली. मुख्य नांगराला अजून एक दोर लावणं, एवढंच काशिनाथांच्या हातात होतं आणि ते रोज तेच करत होते.

दुसऱ्या दिवशी मी ठरल्याप्रमाणे दिवेआगर, श्रीवर्धन केलं, पण जीव रमला नाही. तुमच्यासाठी सांगते. बोर्लीवरून दिवेआगरचा रस्ता चांगला आहे, वाड्यांमधून जाणारा शेवटचा भाग तर सुरेखच. एका सुपारीच्या वाडीत चहाला थांबले. मालक म्हणाले, वादळात आमची निम्मी वाडी झोपली, नंतर लावलेली झाडं आत्ता कुठे फळाला येतायत. वादळानंतर किती नेते आले ते त्यांना आठवत नव्हतं, कारण प्रत्येक जण पडलेल्या झाडांपाशी उभा राहून फोटो काढून गेला आणि सगळ्यांचे सदरे पांढरेच होते. उकडीचे मोदक मात्र आधी सांगून ठेवलेत तर मिळतात, आणि ते चुकवू नका. श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर बसून मी वही काढली. इथून निवडून गेलेली माणसं मंत्रालयाच्या वरच्या मजल्यापर्यंत पोचली, पक्ष फुटले, जुळले, पुन्हा फुटले, चिन्हं इकडची तिकडे गेली. या सगळ्यावर छानसा लेख झाला असता. मी दोन ओळी लिहिल्या आणि वही मिटली. खाडीच्या तोंडाशी उभी असलेली ती होडी डोक्यातून जाईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या देवळापाशी एक म्हातारी जवळा निवडत बसली होती. ऐंशीच्या पुढची, नाकात मोठी नथ, पाय पसरून आरामात. गावात माझ्याशी आपणहून बोललेलं हे पहिलं माणूस. मी कोणाकडे उतरलेय हे तिला माहीत असावं, पण परक्याशी बोलायला बंदी नव्हती आणि तिला बोलायची भूक होती. नाव बायजी, सगळे तिला बायजीआय म्हणतात, पाटलांची आई. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, पहिलं मत कधी दिलंत?

बायजीआयनं मला या मतदारसंघाचा सगळा इतिहास चित्रांत सांगितला. उमेदवारांची नावं तिला कधीच ठाऊक नव्हती. आधी बैलजोडी, मग गाय-वासरू, मध्ये एकदा नवरा बोलला म्हणून खटारा, म्हणजे बैलगाडी. बैल आमच्याकडे नाहीत, गाय नाही, खटारा तर कुणी पाहिला नाही, पण गाव सांगेल त्यावर शिक्का मारायचा. मग शिक्का गेला आणि बटण आलं. ही तिची गोष्ट मी हसत हसत लिहून घेत होते. जवळ्यातला कचरा बोटानं उडवत ती म्हणाली,

"सगली जिंदगी लोकांच्या जनावरांना मतां दिली. ह्या येलंला पयल्यांदा आपली होरी आली बघ मसिनीत."

मी लिहायची थांबले. मशीनवरच्या मतपत्रिकेवर होडीचं चित्र होतं ते त्या आतल्या डोंगरपट्ट्यातल्या अपक्षाचं. शिडाची होडी. मी सावकाश विचारलं, गावानं होडीचं बटण सांगितलं होतं का? बायजीआय म्हणाली, पोरांनी कागदावर कायतरी दाखवलं होतं, तिला दिसलं नाही. या वेळी चिन्ह नवीन आहे एवढं कानावर होतं. आणि त्यात विचारायचं काय?

"धक्का कनाला पायजे? होरीला. मंग धक्का देनाऱ्याची निशानी होरीच असंल ना. हात लावला, नमस्कार क्येला."

पुढे तिनं बोटांवर मोजत नावं घेतली. टेम्पोतून तिच्याबरोबर गेलेल्या तिच्या वयाच्या मैत्रिणी, धोंडाबाई, गंगू, अशा पाच. सगळ्यांनी होडीच दाबली, कारण परतताना टेम्पोत सगळ्या हेच बोलत होत्या, की आयुष्यात पहिल्यांदा आपलं काहीतरी दिसलं. बायजीआय धरून सहा. देवीला दिलेला शब्द आपण पाळला, याचं समाधान तिच्या तोंडावर अजून होतं. काशिनाथांचं घर वाळीत का आहे हे तिलाही ठाऊक होतं. त्यांनी गावाशी गद्दारी केली, वाईट झालं, सुनंदा गुणाची पोर, असं ती म्हणाली. दोन गोष्टी तिच्या डोक्यात एकमेकींना कुठेच लागत नव्हत्या.

मी जवळजवळ पळतच घरी आले. मला वाटलं, संपलं, सुटले हे लोक. काशिनाथ अंगणात दोराला गाठ मारत होते, त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. हर्षदा दारात उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काशिनाथ मात्र गाठ ओढून पाहत म्हणाले, हे कुणाला बोलू नका.

मी चिडले. म्हटलं, अहो, तुमची होडी जातेय. त्यांनी मला समजावलं, एखाद्या पोरीला समजवावं तसं. त्या सहा जणींनी शब्द मोडला असं ठरलं तर त्यांना देवीसमोर उभं करणार. धोंडाबाईनं काशिनाथांना लहानपणी दूध पाजलंय, आई तापानं आजारी असताना. ती या धक्क्यानंच मरेल. "तिला कोनी सांगायचा का तू देवीआयची शपथ मोडली म्हनून? मी सांगू?" मग दंड भरून कबूल तरी करा, मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, देवीसमोर खोटं बोललो तर समुद्रात कुठल्या तोंडानं जाऊ. इकडे आड, तिकडे विहीर, आणि हा माणूस मध्ये उभा राहून दोराला गाठी मारतोय. मला त्यांचा राग आला, खरंच सांगते. इतका चांगुलपणा परवडत नाही माणसाला.

आणि मी त्यांचं ऐकलं नाही. सामान गाडीत टाकल्यावर, निघता निघता, पाटलांकडे गेले. ते देवळामागच्या शेडमध्ये जाळं शिवत बसले होते. पन्नाशी उलटलेला, शांत, अदबीनं बोलणारा माणूस. "बसा ताई" म्हणून खुर्ची दिली, चहा सांगितला. मी बायजीआयचं नाव न घेता सांगायला सुरुवात केली, की काही म्हाताऱ्या बायकांचा चिन्हात गोंधळ झाला असावा. त्यांनी हातातली सुई जाळ्यात अडकवून ठेवली.

"मना ठावं हाय," ते म्हणाले. "मोजनीच्या दुसऱ्याच दिवशी आय बोल्ली मना. खुशीत व्हती."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण नाही. दंड तोपर्यंत लागला होता. मी विचारलं, मग मागे का नाही घेतला? त्यांनी मला गावाचं गणित सांगितलं. गावाकडं जमीन नाही, पैसा नाही, एकही पोर मोठ्या हुद्द्यावर नाही. चारेकशे मतं आहेत, ती एका मुठीत आहेत म्हणून प्रत्येक उमेदवार दारात येतो. या वेळी सहा फुटली हे उमेदवाराच्या माणसांनी मोजणीच्या जागीच पाहिलं. गावानं कुणाला तरी शिक्षा केली हे दिसलं, म्हणून पुढच्या बोलण्याला दार उघडं राहिलं. आता म्हाताऱ्यांचा घोळ होता असं सांगितलं तर ते हसतील. तुमच्या गावाला चिन्ह कळत नाही, तुमच्या गठ्ठ्याचा भरवसा काय? "झाकली मूठ हाय ताई आमची. उघडली का संपलो."

"आणि काशिनाथ?" मी म्हटलं.

त्यांनी सुई पुन्हा हातात घेतली. मग म्हणाले, काशिनाथ आणि मी एका होडीवर वाढलो. त्यानं नुसतं नाक घासलं असतं तर दुसऱ्या दिवशी मी स्वतः दोर धरला असता. तो ऐकत नाही. त्यांचा आवाज जरा हलला असं मला वाटलं, पण मी त्यांच्यावर इतकी संतापले होते की माझं वाटणं धरू नका. मी म्हटलं, मी हे गावात सगळ्यांना सांगेन. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

"सांगा. पन सुरवात माझ्या आयपासून करा. ती बाहेर बसलीय."

ती खरंच बाहेर बसली होती. मला बघून तिनं हाक मारली, निवडलेल्या जवळ्याची पुडी माझ्या हातात कोंबली, चटणी कर म्हणाली, आणि पुन्हा येशील तेव्हा नवीन धक्क्यावरनं ये. मी पुडी घेतली. काशिनाथांना बोल लावणारी मीही देवळाच्या पायरीवर तिला नुसतं "येईन" म्हणून गाडीत बसले.

परतीचा रस्ता म्हसळ्यावरून. म्हसळ्याच्या बाजारात बेकरीतून नानकटाई घ्या, उत्तम असते. माझा चेहरा पाहून बेकरीवाल्या चाचांनी विचारलं, तबियत ठीक नाही का, आणि बसायला स्टूल दिलं. बाहेर भिंतीवर उमेदवारांचे हात जोडलेले फोटो अजून होते, उन्हानं विटलेले, त्यांवर क्लासच्या जाहिराती चिकटवलेल्या. माणगाव ते ताम्हिणी रस्त्याचं काम चालू आहे, संध्याकाळ व्हायच्या आत घाट चढा. मी चढले. घरी पोचल्यावर नवऱ्यानं विचारलं, कसा होता मतदारसंघ? म्हटलं, पाण्यात आहे. तो हसला, मी हसले नाही, तेव्हा त्यानं चहाचं आधण ठेवलं.

हा लेख मी कितीतरी दिवस लिहिला नाही. काशिनाथांनी सांगितलं, पाऊस संपू दे आणि नाव घालू नका, मग लिहा. म्हणून आत्ता लिहितेय. जूनच्या पहिल्या आठवड्यात हर्षदाचा फोन आला होता. समुद्र खवळायला लागल्यावर काशिनाथांनी होडी भरतीला जमेल तितकी काठाशी आणली, इंजिन काढलं आणि करवत घेऊन पाण्यात उतरले. समुद्रानं तोडण्यापेक्षा मी तोडतो म्हणाले. घरातल्या चौघांनी मिळून होडी वर आणली, एकेक फळी करून. किनाऱ्यावर सगळं गाव उभं होतं. कुणी पुढे आलं नाही, पण कुणी घरीही गेलं नाही. पाटीलही होते. बायजीआयनं मात्र मोठ्यानं विचारलं, चांगली होरी का तोडतोय तो?

माझ्याकडे प्रवासातून काय उरलं म्हणाल, तर राग उरला, आणि तो नेमका कुणावर काढायचा ते अजून ठरत नाही. पाटलांवर काढावा तर त्यांची मूठ दिसते. पूर्वी मी निकालाचा तक्ता वाचताना एखाद्या बूथवर एकाला चारेकशे आणि दुसऱ्याला सहा असं दिसलं की ते सहा कोण असतील म्हणून गंमत वाटायची. आता तसे आकडे दिसले की मी पान उलटते.

परवा पुन्हा हर्षदाचा फोन आला. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची हवा आहे, गावकी देवळात बसली, नारळ फुटला. यांना अर्थातच बोलावणं नव्हतं. मी तिला म्हटलं, बाबांना फोन दे. ते आले. मी म्हटलं, काका, आता तरी मनासारखं मत द्या, तुम्हाला आता कोण काय करणार आहे? घ्यायला काही शिल्लकच ठेवलेलं नाही त्यांनी.

पलीकडून ते नेहमीच्या खालच्या आवाजात म्हणाले, "गाव कुठं देनार त्ये मी दुसऱ्या बंदरावरनं इचारून घेतलाय, ताई. तिथंच देनार आमी. न्हायतर मंग खरंच झाला ना, मी फुटलो त्ये."